सेकंड बेसवर म्हैस

३ ऑगस्ट २०१५, सोमवार

आज मला मुलींच्या बेसबॉल संघाचा प्रशिक्षक नेमण्यात आलं. बेसबॉल हा खेळ मी आजवर पाहिलेला नाही.

मधल्या सुट्टीत सुंदररावांनी कार्यालयात बोलावून घेतलं. ते आमच्या शिक्षण संस्थेचे अध्यक्ष आणि गावच्या सहकारी दूध संस्थेचे चेअरमन. दुधाच्या कॅनवर आणि शाळेच्या बाकांवर त्यांचं नाव एकाच निळ्या रंगात आहे.

"आश्रुबा सर, तुमी क्रिकेट बघता का?"

"कधीमधी."

"मग झालं. तेच हाय ते. फक्त गोल पळायचं."

मी भूगोल शिकवतो, वय सत्तेचाळीस आहे आणि डावा गुडघा दुखतो, हे तीन मुद्दे मी मांडले. ते म्हणाले, निवृत्त झालेल्या खेळाच्या सरांचे दोन्ही गुडघे दुखत होते. पुढे आवाज खाली करून खरं कारण सांगितलं. त्यांची नात राजनंदिनी दहावीत आहे आणि तिचं गणित कच्चं आहे. विभागीय स्पर्धेत खेळलेल्यांना वाढीव गुण मिळतात म्हणे. कबड्डीत जिल्ह्यातून वर जायचं तर शंभर शाळांशी गाठ. बेसबॉल जिल्ह्यात तीनच शाळा खेळतात.

घरी विमलला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "परवा आष्टीच्या जीपमागं पळालात तर तीन दिवस तेल चोळलं मी."

जीप मिळाली होती, हे तिने सांगितलं नाही.

६ ऑगस्ट, गुरुवार

साहित्य आलं. तीन बॅटी, आठ चेंडू, अकरा हातमोजे (त्यातले चार डावखुऱ्यांचे) आणि तोंडावर बांधायचा एक जाळीचा मुखवटा. नियमांची पुस्तिकाही आली. खेळ थोडक्यात असा : पिचर चेंडू टाकते, समोरची तो बॅटीने मारते आणि चौकोनाच्या चार कोपऱ्यांवरच्या चार बेसना पाय लावत पळत परत येते, की एक रन. बॅटवालीच्या मागे बसून चेंडू झेलते ती कॅचर. बाकीचं अजून वाचायचं आहे.

चौदा मुली आल्या. मी शिस्त, जिद्द आणि जिल्ह्याचं नाव या विषयांवर पस्तीस मिनिटं बोललो. शेवटी शंका विचारा म्हणालो, तर एकच हात वर आला. तबस्सुमचा. तिचे वडील खाजामियाँ फाट्यावर पंक्चर आणि वेल्डिंगचं दुकान चालवतात.

"सर, ती जाळी कोण घालणार?"

तिला कॅचर केलं. धाडसी मुलगी आहे, सर्वांत अवघड जागा तिने स्वतः मागून घेतली.

मग सगळ्यांना भिंतीवर खडूने काढलेल्या गोलात चेंडू मारायला लावला. तेरा जणींचे चेंडू कुठे कुठे गेले ते लिहीत नाही, मुख्याध्यापकांनी काचेचा विषय उद्यावर ठेवला आहे. मुक्ताचे पाचपैकी पाच गोलात बसले. दहावीतलीच, वर्गात दुसरा नंबर, बोलायला कंजूष.

"कुठे शिकलीस?"

"कुठं न्हाई. बोरं पाडते."

१० ऑगस्ट, सोमवार

बीडला प्रशिक्षकांचं एक दिवसाचं शिबिर झालं. पुण्याहून आलेल्या तरुण मार्गदर्शकाने सांगितलं की मुलं का खेळतात हे ज्याला कळलं त्याला खेळ कळला, आणि रोज वही लिहा. वही मी लिहितोच आहे. का खेळतात तेही मला बऱ्यापैकी कळलं आहे. राजनंदिनी गुणांसाठी, तबस्सुम धाडसापोटी, मुक्ता जिल्ह्याच्या नावासाठी. माझं भाषण चालू असताना ती एकटीच मान हलवत नव्हती, म्हणजे मन लावून ऐकत होती.

आज सरावाला सहा जणी आल्या.

१७ ऑगस्ट, सोमवार

शनिवारी झेंडावंदन झाल्यावर सुंदररावांनी जाहीर केलं की दूध संस्था जनावरांची छावणी उघडणार, आणि ती शाळेच्या मैदानावर. संस्थेच्या विहिरीला अजून हातभर पाणी आहे आणि विहीर मैदानाला लागून आहे, म्हणून.

आज सकाळी गेलो तर मैदानावर दोनशे ऐंशी जनावरं. दावणी बांधून झालेल्या, पाचटाच्या सावल्या उभ्या राहिलेल्या, उसाच्या वाढ्यांचा ट्रॅक्टर मधोमध. मी दुष्काळाच्या विरोधात नाही, म्हणजे छावणीच्या विरोधात नाही. आमच्याकडे जूनपासून दोनदा शिंतडलं, तेवढंच. जनावरं कुठेतरी जगली पाहिजेत, हे मला कळतं. पण सेकंड बेसवर म्हैस?

चेअरमनना म्हणालो, तर म्हणाले, "सर, तिला वळसा घालून पळा की. तेवढाच व्यायाम."

२५ ऑगस्ट, मंगळवार

एक चमत्कार नोंदवून ठेवतो. छावणी सुरू झाल्यापासून सरावाला रोज तेरा-चौदा जणी हजर असतात. गेल्या आठवड्यात मी 'संकट हीच संधी' या विषयावर बोललो होतो, त्याचा हा परिणाम. जवळपास सगळ्यांची जनावरं इथेच आहेत, त्यामुळे मुली सकाळ-संध्याकाळ मैदानावरच असतात, हेही थोडं कारण असेल.

विमलला सध्या छावणीचं वेड लागलं आहे. रोज साडेपाचला चहाची किटली घेऊन येते आणि म्हाताऱ्या बायकांच्या घोळक्यात बसते. माझा सराव संपेपर्यंत त्यांच्या गप्पा संपत नाहीत. त्या म्हाताऱ्या इतक्या उत्साही की गप्पा मारता मारता सगळ्यांच्या गुरांना पाणी दाखवतात, शेणही ओढतात.

चेंडू शेणात पडला तर तो उचलायचा कुणी, यावर आज पंधरा मिनिटं वाद झाला. पुस्तिकेत उत्तर नाही. शेवटी राजनंदिनीने उचलला आणि फ्रॉकला पुसला. चेअरमनची नात! मी डोळे मिटून घेतले.

५ सप्टेंबर, शनिवार

शिक्षक दिन. मुलींनी मला एक शिट्टी भेट दिली. म्हणाल्या, "सर, बोलण्यापेक्षा ही वाजवत जा." माझ्या घशाची काळजी घेतात.

कॅचरची जाळी मोडली. खाजामियाँकडे घेऊन गेलो. त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली.

"सर, ही चहा गाळायला बरी. पोरीच्या तोंडाला ही बांधली होती तुमी?"

जुन्या मोटरसायकलच्या लेगगार्डचे गज कापून त्यांनी संध्याकाळपर्यंत नवी जाळी वेल्डिंग करून दिली. वजन दीड किलो भरेल. तबस्सुम ती घालून बसली की बैलसुद्धा मागे सरतात. ती आतून सारखी काहीतरी पुटपुटत असते. बहुधा दुवा म्हणत असावी.

२२ सप्टेंबर, मंगळवार

आम्ही जिल्हाविजेते झालो! शांतपणे लिहितो.

बीडला आमच्याशिवाय तीन शाळा यायच्या होत्या. एकीचे सर दुष्काळाच्या सर्वेक्षणाला जुंपलेले, ती आली नाही. दुसरीला तिसरीशी खेळायचं होतं, पण तिसरीची गाडी मांजरसुंब्याच्या घाटात बंद पडली. म्हणजे उरलो आम्ही आणि दुसरी. चौदा विरुद्ध बारा असे जिंकलो. सामना अडीच तास चालला. मैदान मोकळं होतं, त्यामुळे आमच्या मुली सुरुवातीला गोंधळल्या. सेकंड बेसला आल्या की सवयीने वळसा घालायच्या.

राजनंदिनी तीन वेळा मातीत घसरत बेसवर गेली. त्यातल्या दोन वेळा गरज नव्हती, चेंडू दुसरीकडेच होता. नवाकोरा पांढरा गणवेश तांबडा झाला. घसरल्यावर उठताना ती हसत होती. गुणांची एवढी ओढ मी कुणात पाहिली नाही.

परतताना जीपमध्ये मी विजयानंतरच्या जबाबदारीवर बोलायला उभा राहिलो. जीपमध्ये उभं राहता येत नाही, त्यामुळे थोडक्यात आटोपलं.

विभागीय स्पर्धा जालन्याला, २८ ऑक्टोबरला.

५ ऑक्टोबर, सोमवार

वाईट बातमी. मुक्ता जाणार. तिचे आईवडील दर वर्षी ऊसतोडीला कोल्हापूरकडे जातात. एरवी तिला आजीपाशी ठेवतात. यंदा आजी जानकीबाईंना उठबस होत नाही, घरात दाणा नाही, पाणी तीन किलोमीटरवर. दसऱ्याचीही वाट न पाहता गाड्या निघणार आहेत. मुक्ताला आणि आजीला सोबत नेणार आणि मोठी गाय आष्टीच्या बाजारात काढणार.

म्हणजे नुसता सामना नाही गेला. दहावीच्या वर्षात पोरगी सहा महिने उसाच्या फडावर जाणार.

विमलने हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "मुक्ता काय म्हणाली?"

मी म्हणालो, तिला काय विचारायचं, मी तिच्या आईशीच बोलतो.

७ ऑक्टोबर, बुधवार

छावणीत जाऊन केसरबाईंना भेटलो. मुक्ताच्या आई. वाढे तोडून गायीपुढे टाकत होत्या. हात थांबवले नाहीत, पण ऐकून घेतलं. मी तयारी करून गेलो होतो.

"तिला नेऊ नका," मी म्हणालो.

"कावून?"

"विभागाला खेळली तर दहावीत वाढीव गुण मिळतील."

"नापास व्हायलीय का ती?"

"नाही हो, वर्गात दुसरी आहे."

"मग?"

हा मुद्दा मी सोडून दिला. "केसरबाई, तुमची मुलगी जिल्ह्याला नाव मिळवून देईल."

"जिल्ह्याला नाव हायच की, सर. बीड."

मग मी मनापासून बोललो. पंचवीस मिनिटं. जिद्द, संधी, उद्याची स्त्री. शेवटी त्या पदराने डोळे पुसू लागल्या. वारं सुटलेलं आणि पेंडीचा भुगा उडत होता, तरी ते अश्रूच होते याची मला खात्री आहे.

तिथून निघताना पाहिलं, विमल आणि मुक्ता गायीच्या पलीकडे बसल्या होत्या. विमल गायीच्या पोटावरून हात फिरवत होती आणि दोघी काहीतरी कुजबुजत होत्या. मला पाहून गप्प झाल्या.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

जिंकलो! मुक्ता सकाळी येऊन म्हणाली, "सर, मी राहायलेय. आजी बी."

मी भाषणाचे मुद्दे एका स्वतंत्र पानावर उतरवून काढले आहेत. पुढे उपयोगी पडतील. घरी विमलला वाचून दाखवले, तर ती इतकी हसली की तिला पाणी प्यावं लागलं. कौतुक करण्याची तिची पद्धत वेगळी आहे.

केसरबाईंनी गायसुद्धा विकायची नाही असं ठरवलं. गाभण आहे म्हणे, चौथा महिना. विमलने त्यांच्या लक्षात आणून दिलं. आता या दुष्काळात ती मातीमोल विकण्यापेक्षा उन्हाळ्यात व्यायली तर घर सावरेल. पण ट्रकमधून तिला नेता येत नाही आणि छावणीत जनावराजवळ घरचं माणूस लागतंच, तसा नियम आहे. असो. ही त्यांची घरगुती बाब.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार

गाड्या गेल्या. ट्रकमध्ये माणसं, बोचकी, कोंबड्या, वर उलट्या बांधलेल्या खाटा. केसरबाई मागच्या फळीशी बसल्या होत्या. मी जवळ गेलो, निरोपाचं काही बोलणार होतो.

"सर, गायीकडं लक्ष ठेवा," त्या म्हणाल्या.

खेळाबद्दल एक शब्द नाही. मुलीबद्दलही नाही. मला जरा आश्चर्य वाटलं. मुक्ता ट्रक दिसेनासा होईपर्यंत उभी होती. मग छावणीकडे वळली, कारण पाण्याची वेळ झाली होती. ट्रकमागे पळाली नाही, रडली नाही. माझ्याच्याने तिला सरावाला ये म्हणवलं नाही. ती आपणहून आली आणि रोजच्यापेक्षा जोरात चेंडू टाकले. तबस्सुमचा तळहात सुजला आहे.

२० ऑक्टोबर, मंगळवार

आज माझी फजिती झाली. लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण मग ही वही कशाला?

संस्थेच्या विहिरीने तळ गाठला. सुंदररावांनी जाहीर केलं की गुरुवारपासून छावणी तलावाखाली नेणार, नऊ किलोमीटरवर. मैदान मोकळं होणार म्हणून मी खूश. सरावाला मुक्ता आली नाही. आठ दिवसांवर सामना! ती दावणीजवळ सापडली, तर मी तिला चांगलं सुनावलं. ऐन वेळी कच खातेस, आईला दिलेला शब्द विसरलीस, वगैरे. ती खाली मान घालून ऐकत राहिली.

माझ्यामागून आलेल्या तबस्सुमने जाळी वर केली.

"सर, तिनं कच न्हाई खाल्ली. गाय तलावावर जाणार. गाय गेली की हिला जावं लागणार. तिथून शाळा न्हाई की सराव न्हाई."

"पण ती तर खेळासाठी राहिली आहे ना?"

तिने मुक्ताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सर, ती गायीसाठी राहिलीय. तुमच्या भाषणासाठी न्हाई. ही युक्ती मुक्ताची. पोट बघून बाईंनी खात्री केली."

बाई म्हणजे विमल.

मी काय बोललो आठवत नाही. शिट्टी वाजवली असं मुली म्हणतात.

घरी आलो. विमल भाकरी थापत होती. मी विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं का?" ती म्हणाली. रागाने नाही. "मुलींना तरी कधी काय विचारलंत? चहा नेऊन त्या म्हाताऱ्यांना गुरांपाशी बसवलं नसतं, तर सरावाला शिट्टी अन् तुम्ही, दोघंच राहिला असता."

मी वहीतलं २५ ऑगस्टचं पान काढून वाचलं. सगळं तिथेच लिहिलेलं होतं. माझ्याच अक्षरात.

जेवणं झाली. हात धुताना ती म्हणाली, "मग? गाय कुठं बांधायची?"

मी तिच्या नजरेच्या रोखाने पाहिलं. आमच्या अंगणात पत्र्याची एकच शेड आहे आणि तिच्यात माझी स्कूटर असते.

२२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

स्कूटर बाहेर, गाय आत.

काल वैरणीसाठी सुंदररावांकडे गेलो होतो. छावणीबाहेरच्या जनावराला छावणीचा चारा देता येत नाही, असं त्यांनी नियमावर बोट ठेवून सांगितलं. मग चष्मा काढून म्हणाले, "सर, भूगोल, बेसबॉल, आता गाय. राजीनामा देऊन दूध संस्थेत या." आज पहाटे दारात बघतो तर राजनंदिनी! खांद्यावर कडब्याच्या दोन पेंढ्या, केसांत कुसळं. "आमच्या गंजीतल्या हायत. आजोबांना म्हाईत हाय, पण त्यांना म्हाईत न्हाई असं म्हणायचं, असं तेच म्हणाले."

मागोमाग बाकीच्या आल्या. प्रत्येकीने घरच्या पाण्यातली एक कळशी आणली होती. तीन दिवसांनी टँकर येणाऱ्या गावात, गायीसाठी! अंगणात सगळा संघ उभा. अशा वेळी एरवी मी बोललो असतो. आज मी पायरीवर बसलो आणि एक प्रश्न विचारला.

"तुम्ही खेळता कशासाठी?"

आधी सगळ्या एकमेकींकडे पाहू लागल्या. मग जे सुरू झालं ते थांबेना.

राजनंदिनीला मातीत लोळायचं असतं. घरात तिला झोपाळ्यावरूनसुद्धा जपून उतरवतात. गुणांचं विचारलं तर म्हणाली, "ते आजोबांना पायजेत." एकीला बसमध्ये खिडकीशी बसून जालना बघायचं आहे. दोघी बहिणी घरी भांडण नको म्हणून येतात, तेवढा एक तास आई शांत असते. आणि तबस्सुम! ही जाळीच्या आतून दुवा म्हणत नव्हती. बॅटवालीशी बोलत होती. "मी हळूच विचारते, गं, तुज्या वेणीवर काय बसलंय? ती बघायला जाती आन् बॉल हुकतो, स्ट्राईक पडतो. जाळीमुळं कोण बोललं ते कुणाला कळतच न्हाई."

हे नियमात बसतं का, पाहायला हवं. बसत नसलं तरी २८ तारखेनंतर पाहीन.

मुक्ता गायीच्या मानेखाली खाजवत होती. तिला म्हणालो, "आणि तू?"

"सांगता येत न्हाई, सर," ती म्हणाली. मी पुढे विचारलं नाही. विमल दारात उभी होती, तिने माझ्याकडे जरा कौतुकाने पाहिलं असं वाटलं. आता माझ्या वाटण्यावर मी फारसा विसंबत नाही.

२८ ऑक्टोबर, बुधवार, जालना

हरलो. पाच विरुद्ध सहा. पहिल्याच सामन्यात.

धर्मशाळेच्या ओट्यावर बसून लिहितो आहे. मुलींची जेवणं झाली आहेत आणि त्यांच्या हसण्याचा आवाज इथपर्यंत येतो. हरल्यावर माणसाने इतकी पोळी खावी का, हा प्रश्न मी मनात ठेवला आहे.

समोरचा संघ शहरातला, सगळ्यांचे बूट सारखे. त्यांनी आमची दीड किलोची जाळी पाहून आपापसांत हसून घेतलं. दोन इनिंगनंतर हसणं थांबलं. त्यांच्या एका मुलीने अंपायरकडे तक्रार केली की कॅचर मला सकाळी काय जेवलीस ते विचारते. अंपायरने जाळीच्या आत डोकावून पाहिलं, तर तबस्सुमने इतका गरीब चेहरा केला होता की ते त्या मुलीवरच चिडले.

शेवटच्या इनिंगला आम्ही एकाने पुढे. त्यांच्या दोन मुली बेसवर, आणि आम्हाला शेवटची एक बाद करायची होती. मुक्ताच्या हातात चेंडू. तिने तो टाकलाच नाही. छातीशी धरून उभी. बॅटवाली तयार, बेसवरच्या दोघी वाकलेल्या, आणि ही उभीच. मी मैदानाच्या कडेवरून ओरडलो, टाक. अंपायर म्हणाले, "पिचर, वेळ लावू नको." तरी ती सावकाश एकेकीकडे पाहत राहिली, घाबरून नव्हे, हे मला स्पष्ट दिसत होतं. मग टाकला.

फटका बसला. राजनंदिनी पळाली, झेपावली, चेंडू हातमोज्याला लागला आणि निसटला. दोन रन. ती मातीत पालथी पडली होती. मी धावत गेलो, गुडघा वगैरे विसरून. तिने तोंड वर केलं, नाकाला माती. म्हणाली, "सर, बोटं लागलीत त्याला! बघितलं का तुमी?"

मी रडलो. मुलींनी मला पाणी आणून दिलं आणि खुर्चीवर बसवलं. तबस्सुमने पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "व्हतं असं, सर. पुढच्या बारीला." मग त्या सगळ्या आईस्क्रीमची गाडी शोधायला गेल्या.

संध्याकाळी सात वाजता केसरबाईंचा फोन आला, माझ्या मोबाइलवर. मुक्ताच्या वडिलांचा फोन तेवढ्या वेळेपुरता चार्ज झाला होता. माझ्या मोबाइलचा कानाजवळचा आवाज कधीचा गेला आहे, स्पीकरवरच बोलावं लागतं, त्यामुळे मला ऐकू येणं भाग होतं. मुक्ता ओट्यावर माझ्याशेजारीच बसली होती.

"गाय?" पलीकडून पहिला प्रश्न.

"बरी हाय. बाई बघायल्यात."

"जेवलीस का?"

"चार पोळ्या."

"कोण जिकलं?"

"त्या."

"मग सरांनी मारलं का?"

"न्हाई. सर रडले."

केसरबाई हसल्या. इतक्या मोठ्याने की मुक्ताने मोबाइल लांब धरला आणि माझ्याकडे पाहून तीही हसली. मी वही उघडून काही शोधत असल्यासारखं केलं.

"मग तू काय केलंस दिसभर?"

"बॉल टाकला."

"निस्ता बॉल टाकायला एवढ्या लांब गेलतीस?"

मुक्ताने मोबाइल पुन्हा जवळ घेतला. मग म्हणाली, "आई, तुला सांगू का? मी बॉल टाकेपर्यंत कुणालाच काही करता येत न्हाई. ती बॅटवाली थांबती. पळणाऱ्या पोरी वाकून थांबत्यात. अंपायर थांबतो. सर बी. बघाय आलेली माणसं बी. समदी माझ्याकडं बघत थांबत्यात."

मला वाटलं फोन कटला.

"किती वेळ?" केसरबाईंनी विचारलं.

"मला पायजे तितका."

मागे कुणी पुरुष ओरडला, "ए केसर, गाडी लागली, मोळ्या उचल!" ट्रकचा हॉर्न वाजला. मुक्ता म्हणाली, "जा तू, ठेवते." तिचा अंगठा बटणावर गेलाही होता.

"ठेवू नगं," केसरबाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज लांब गेला, त्या तोंड फिरवून कुणाला तरी बोलत होत्या. "थांबा की जरा! लेकीशी बोलायलेय."

हॉर्न पुन्हा वाजला, लांबलचक.

"थांबा म्हनलं ना!"

हॉर्न बंद झाला. ओट्यावर आम्हा दोघांनाही पलीकडची शांतता ऐकू येत होती. मग केसरबाईंचा आवाज जवळ आला, अगदी घरात बसून बोलावं तसा.

"हां, बोल. आजून कोन कोन थांबलं व्हतं?"